डोनर, लाहमाजुन, सिमित... परदेशात आपल्याला जगवणारं टर्किश खाणं

स्प्रेकाठची

माझी भाची येत्या ऑक्टोबरात बर्लिनला शिकायला येतीये. परवा कॉलवर विचारत होती, मावशी तिथे रोज करून खायला जमेल का गं, आणि नाही जमलं तर बाहेर परवडतं का. तिला सांगायला बसले आणि तासभर नुसतं टर्किश दुकानांबद्दलच बोलत राहिले, शेवटी ती म्हणाली अगं हे सगळं कुठेतरी लिहून ठेव. म्हणून हा धागा. तुम्ही जिथे असाल तिथलं टर्किश खाणं, कुठे काय स्वस्त मिळतं, काय आवडतं, सगळं लिहा, नवीन येणाऱ्या पोरांना उपयोग होईल.

माझ्यापासून सुरू करते. मी २०१६ ला आले. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवावे लागतात त्या ब्लॉक्ड अकाउंटातून महिन्याला ७२० युरो सुटायचे, त्यातले साडेतीनशे खोलीला, नव्वदेक इन्शुरन्सला, उरलेल्यात फोन, वह्या, खाणं, सगळं. उतरले शनिवारी रात्री. बॅगेत आईने दिलेल्या चार दशम्या आणि चटणी होती, ती रात्रीच संपली. रविवारी सकाळी पैसे घेऊन खाली उतरले तर सगळी सुपरमार्केटं बंद. जर्मनीत रविवारी दुकानं उघडत नाहीत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पाऊस भुरभुरत होता, दोन गल्ल्या फिरले, आणि कोपऱ्यावर एकच दिवा चालू, डोनरचं दुकान.

आत पन्नाशीतले एक काका. मला जर्मन यायचं ते नाव सांगण्यापुरतं. भिंतीवरच्या फोटोतल्या सूपवर बोट ठेवलं. अडीच युरो. त्यांनी वाडग्यात पिवळंधमक सूप ओतलं, वर लोण्यात परतलेल्या लाल मिरचीची धार सोडली, शेजारी लिंबाची फोड आणि गरम पावाचे तुकडे. पहिला चमचा तोंडात गेला आणि मला भरून आलं, कारण ती सरळसरळ मसुराची आमटी होती हो! आपल्यापेक्षा दाट, घोटलेली, मोहरी नाही, जिऱ्याचा वास मात्र तोच. मेर्जिमेक चोरबा म्हणतात तिला हे नंतर कळलं. पाव संपला तेव्हा काकांनी न विचारता अजून आणून ठेवला, आणि उठताना छोट्या कंबरेच्या काचेच्या ग्लासात चहा. चहाचे पैसे द्यायला गेले तर हात छातीवर ठेवून मान हलवली, घेतले नाहीत.

पुढची दोन वर्षं आठवड्यातून तीनदा तरी तिथे जायचे. चिकन डोनर साडेतीन युरोला होता. एका डोनरवर माझं दुपारचं आणि अर्धं रात्रीचं भागायचं. अजून डोळ्यासमोर आहे, फिरणाऱ्या सळईवरून मोठ्या सुरीने वरून खाली सोललेले पातळ पापुद्रे, कडा कुरकुरीत आणि आतून ओलसर, पावाचा चतकोर प्रेसमध्ये दाबून गरम केलेला, त्यात लाल कोबी, पांढरा कोबी, कांदा, टोमॅटो. मग प्रश्न, सॉस कुठला? क्रॉयटर म्हणजे हर्ब्जचा, क्नोबलाउख म्हणजे लसणीचा, शार्फ म्हणजे तिखट. मी कायम लसूण आणि शार्फ. वरून चिलीफ्लेक्स हवेत का विचारतात, त्याला हो म्हणायचं.

आणि सिमित! तिळाचं कडं. त्या वेळी एक युरो. प्लास्टिकच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये परत टाकल्या की एकेकीचे २५ सेंट मिळतात, म्हणजे चार बाटल्या झाल्या की एक सिमित. महिनाअखेरीस मी हा हिशोब खूप वेळा केलाय.

ऑक्टोबरात_येतोय

ताई, धागा एकदम वेळेवर आलाय! मीपण ऑक्टोबरातच येतोय बर्लिनला, नाशिकहून. एक विचारायचं होतं, आमच्या घरी बीफ खात नाहीत, डोनर बीफचाच असतो का? आणि बोर्डवर कसं ओळखायचं, मला जर्मन ए१ पर्यंतच येतं.

स्प्रेकाठची

@ऑक्टोबरात_येतोय, अरे चांगलं विचारलंस, हे मीच वर लिहायला हवं होतं. बहुतेक दुकानांत दोन सळया फिरत असतात. "काल्ब" किंवा "रिंड" लिहिलं असेल तर ते वासराचं किंवा बीफ. "हेन्शेन" म्हणजे चिकन. नुसतं "डोनर" मागितलंस तर काल्ब देऊ शकतात, म्हणून "हेन्शेन डोनर" असं पूर्ण म्हणायचं आणि त्या सळईकडे बोटही दाखवायचं, गर्दीच्या वेळी ऐकू जात नाही. लाहमाजुन म्हणजे पातळ रोटीवर पसरून भाजलेला खिमा, तो बीफ किंवा लॅम्बचा, तेव्हा तो नको घेऊस. माझ्या एका रूममेटला एका दुकानात चिकन सांगून दुसरंच मिळालं होतं, अर्धं खाल्ल्यावर कळलं, दोन दिवस ती जेवली नव्हती. त्यामुळे लाजू नकोस, दोनदा विचार, कुणी रागवत नाही.

पाटावरवंटा

मी कोलोनला असते, बारा वर्षं झाली. आमचं घर माळकरी, मी अंडंसुद्धा खात नाही, आणि तरी सांगते की इथे मला सगळ्यात जास्त आधार टर्किश दुकानांचाच वाटत आलाय. शाकाहारी लोकांसाठी जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात वर चीकोफ्ते. बारीक बुलगुर म्हणजे आधीच उकडून वाळवलेला गव्हाचा दलिया, तो पुन्हा शिजवत नाहीत, तर टोमॅटो आणि मिरचीच्या पेस्टमध्ये, उर्फाच्या काळपट इसोत मिरचीत, कांदा आणि मसाल्यात अक्षरशः मळतात, तळहाताने रगडून रगडून. त्यानेच तो मऊ होतो. मग मुठीत दाबून बोटांचे ठसे उमटलेले मुटके. मूळचा पदार्थ कच्च्या मांसाचा आहे पण दुकानांतून मिळतो तो बिनमांसाचा. पातळ लवाश रोटीवर पसरून त्यावर लेट्यूस, पुदिना, डाळिंबाचा आंबटगोड काकवीसारखा रस आणि लिंबू, की घट्ट गुंडाळी. फक्त चीकोफ्तेच विकणारी दुकानं असतात, तिथे मांसाची सुरीच नसते, त्यामुळे माझ्यासारखीला निवांत खाता येतं. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला आंबटतिखट भडंगाची आठवण आली होती, का ते सांगता येत नाही पण आली.

दुसरं गोझलेमे. पोळीपेक्षा पातळ लाटतात, आणि लाटणं बघाल तर काठीएवढं बारीक आणि हातभर लांब. आत पालक नि पांढरं चीज, किंवा बटाटा. उलट्या कढईसारख्या मोठ्या तव्यावर भाजतात. आमच्याकडे उन्हाळ्यातल्या एका जत्रेत एक आजी करत बसायच्या, मी उभी राहून बघत होते तर त्यांनी लाटणं माझ्या हातात दिलं, मी पोळीसारखी गोल लाटली तर त्या हसून शेजारणीला काहीतरी म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली. भाषा एकमेकींची येत नव्हती, पोळी येत होती.

मसुराच्या सूपबद्दल मात्र एक सूचना. काही ठिकाणी ते चिकनच्या किंवा हाडांच्या पाण्यात करतात. "ओने फ्लाइश?" म्हणजे बिनमांसाचं का, एवढं विचारायचं. फलाफल आणि हलूमी चीज तळताना तेल वेगळं असतं का हेही ज्यांना महत्त्वाचं आहे त्यांनी विचारावं. बोरेक म्हणजे सारण भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री, ती घेताना "कीमाली" म्हणजे खिम्याचा, "पेयनिरली" पनीरचा, "इस्पानाक्ली" पालकाचा.

ठेचाप्रेमी

पेयनिर म्हणजे पनीरच ना! काय भारी.

गलाटापूल

@ठेचाप्रेमी, हो, आणि पुढचे ऐक. मी इस्तंबूलला नोकरीला आहे, चौथं वर्षं चालू. पहिल्या आठवड्यात जेवून झाल्यावर शेजारच्या टेबलावरचा माणूस वेटरला म्हणाला "हेसाप", आणि वेटर बिल घेऊन आला. हेसाप म्हणजे हिशोब! त्या दिवसापासून मी कान टवकारून ऐकायला लागलो. कीमा म्हणजे खिमा, चोरबा म्हणजे शोरबा, पिलाव, कोफ्ते, हेलवा, शेर्बेत म्हणजे सरबत, ताझे म्हणजे ताजं, दुक्कान म्हणजे दुकान, मेयदान म्हणजे मैदान. बरेचसे अरबी-फारसीतून त्यांच्याकडेही आले आणि आपल्याकडेही. भाजीवाल्याला "ताझे?" विचारलं की तो खूश आणि मी पण.

आता धाग्याचा विषय. तुम्ही सगळे डोनर डोनर करताय पण इथे रस्त्यावर त्याहून बरंच काही आहे. माझं रोजचं म्हणजे नोहुतलु पिलाव. काचेची हातगाडी, आत भाताचा डोंगर, त्यात छोले, वर हाताने सोडवलेलं चिकन, काळी मिरी भुरभुरायची, सोबत आयरान म्हणजे खारं ताक. भात लोण्यातला, मोकळा, प्रत्येक दाणा वेगळा. चिकनशिवाय नुसता छोल्यांचा पण देतात आणि तो अजून स्वस्त पडतो. रात्री उशिरा कामावरून येताना टॅक्सीवाले, सफाईवाले, कॉलेजची पोरं, आम्ही सगळे त्या गाडीभोवती उभे असतो, कुणी कुणाशी फार बोलत नाही, चमच्यांचा आवाज नि वाफ.

मिदिये दोल्मा मालवणच्या माणसाने खाल्लाच पाहिजे. शिंपल्यातली कालवं काढून... नाही, चुकलो, शिनाण्या म्हणतात आपल्याकडे त्यांना, काळ्या शिंपल्याच्या. त्यात मसालेदार भात भरून शिजवलेल्या. विकणारा शिंपला उघडतो, त्याच वरच्या टरफलाने भात सुटा करतो, लिंबू पिळतो नि हातात देतो. तुम्ही खाल्लं की पुढचा तयार, तुम्ही थांबा म्हणेपर्यंत तो देतच राहतो आणि शेवटी टरफलं मोजून पैसे. मी कोकणातला आहे, शिनाण्या लहानपणापासून खातोय, पण त्यात असा दालचिनीचा वास आणि काळ्या मनुका, ही कल्पना आमच्याकडे कुणाला सुचली नाही. फक्त उन्हाळ्यात, भर दुपारी, उन्हात ठेवलेल्या थाळ्यातले घेऊ नका. जिथे गिऱ्हाईक सारखं चालू आहे तिथेच घ्या.

एमिनोन्यूला गलाटा पुलाजवळ बालिक एकमेक, म्हणजे मासा आणि पाव, तव्यावर भाजलेल्या बांगड्याच्या जातीच्या माशाचा तुकडा, कांदा, लेट्यूस, लिंबू. मासा बराचसा नॉर्वेहून येतो हे ऐकून मला आधी वाईट वाटलं होतं, तरी चव आहेच. त्याच्याबरोबर तिथे लोणच्याचं पाणी पितात, गुलाबी, आंबट, त्यात कोबी काकडीचे तुकडे. आमच्या आईला त्याचा फोटो पाठवला, तो तिने सगळ्या नातेवाइकांना दाखवला.

स्वस्त म्हणाल तर इथे आता सावध बोलावं लागतं. २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारी आकड्याप्रमाणेच वर्षाची महागाई ८५ टक्क्यांच्या वर गेली होती. मेन्यूकार्डवर किमतीच्या जागी स्टिकरवर स्टिकर चिकटवलेले असायचे, नखाने उचकटलं तर खाली जुन्या किमती. परकीय चलनात कमावणाऱ्याला स्वस्त, इथल्या माणसाला नाही. माझ्या गल्लीतल्या बेकरीत एक पद्धत आहे, आस्किदा एकमेक, टांगलेला पाव. तुम्ही दोन पावांचे पैसे देता, एक घेता, एक ठेवून जाता, ज्याला गरज आहे तो येऊन विचारतो टांगलेला आहे का. नाव विचारत नाहीत, चौकशी नाही. मी आठवड्याला ठेवतो.

ऑक्टोबरात_येतोय

टांगलेला पाव... हे खूपच भारी आहे दादा.

मुंबै_ते_मोआबीट

बर्लिनमध्ये मी १९९६ पासून आहे, म्हणजे युरोच्या आधीच्या, मार्कांच्या जमान्यापासून. चारेक मार्काला डोनर मिळायचा. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं, देशी दुकानं मोजकी, इंडियन रेस्टॉरंट खिशाला झेपायची नाहीत. तुर्की वस्तीचं क्रॉइझबर्ग हेच आमचं माहेर.

थोडा इतिहास सांगतो कारण नवीन पोरांना वाटतं डोनर पावात घालून खायची पद्धत तुर्कस्तानातूनच जशीच्या तशी आली. पश्चिम जर्मनीने ३० ऑक्टोबर १९६१ ला तुर्कस्तानाशी करार केला आणि कामगार बोलावले, कारखान्यांत, खाणींत. दोन वर्षांनी परत जातील असं दोन्हीकडे धरलेलं होतं. ते राहिले, कुटुंबं आली. तुर्कस्तानात डोनर बहुतकरून ताटलीत, भाताबरोबर. इथे कामावरच्या माणसाला चालता चालता हातात धरून खाता यावं म्हणून पावात. कादिर नुरमन म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी १९७२ मध्ये इथल्या झू स्टेशनसमोर असा डोनर विकायला सुरुवात केली असं मानतात. दुसरेही दावेदार आहेत त्यामुळे पहिला कोण यावर मी वाद घालणार नाही. २०१३ मध्ये ते गेले तेव्हा इथल्या पेपरांत ठळक बातमी होती, आणि त्यांनी पेटंट वगैरे काही घेतलेलं नव्हतं.

बर्लिनची भिंत पडल्यावर दोन गोष्टी झाल्या. पूर्वेकडचे लोक या खाण्यावर तुटून पडले. आणि पश्चिम बर्लिनमधले कारखाने एकामागून एक बंद झाले, त्यांत तुर्की कामगारांच्या नोकऱ्या आधी गेल्या. त्यातल्या कितीतरी जणांनी शिल्लक घालून इंबिस म्हणजे खाण्याची टपरी टाकली. माझ्या घराखालच्या टपरीवाले त्यातलेच, आधी केबलच्या कारखान्यात वीस वर्षं. सकाळी दहाला शटर वर, रात्री दोनला खाली, बायको कोबी चिरायला, मुलगा शाळेतून आला की गल्ल्यावर. आम्ही ज्याला स्वस्त म्हणत होतो ना, ते त्या घराच्या सोळा तासांवर स्वस्त होतं.

टेम्सकाका

लंडनमधून हजेरी. आमच्याकडे हॅरिंगेची ग्रीन लेन्स. तुर्की, कुर्दिश, सायप्रसचे लोक, ओळीने दुकानं. कोळशाच्या भट्टीसमोर बसायचं, ओजाकबाशी म्हणतात. मेन डिश यायच्या आधीच गरम पाव, कांदा डाळिंबाच्या रसात नि आंबट सुमाकच्या पुडीत परतलेला, कोशिंबीर, आणि हे सगळं फुकट. मी आणि मित्र दोघांत एक डिश मागवायचो आणि पावावर पोट भरायचो, त्या माणसाने एकदाही वाकडं तोंड केलं नाही. लाहमाजुनमध्ये पार्सली कांदा भरून लिंबू पिळून सुरळी करून खायचा, पिझ्झासारखा कापून नाही.

मासकाठी

रॉटरडॅमहून. आमच्या गावाचा पदार्थ कुणीच कसा काढला नाही, कापसलोन! खाली फ्रेंच फ्राइज, त्यावर डोनर किंवा श्वार्मा, त्यावर गौडा चीज वितळवलेलं, वर सॅलड, लसणीचा सॉस आणि साम्बाल म्हणजे तिखट मिरचीचा सॉस. ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये. नावाचा अर्थ केशकर्तनालय, कारण २००३ च्या सुमारास इथला एक केप व्हर्डी वंशाचा न्हावी शेजारच्या दुकानातून सगळं एकत्र करून मागवायचा, मग लोक म्हणायला लागले "न्हाव्याचं द्या". थंडीत दोघांत एक पुरतो, एकट्याने संपवायच्या भानगडीत पडू नये.

ठेचाप्रेमी

सगळं वाचून भूक लागली पण एक बोलू का. म्युनिकला मी परवा डोनरला आठ युरो मोजले. आठ! स्वस्त स्वस्त म्हणून धागा काढलाय पण ते दिवस गेले असं वाटतं. एवढ्यात तर मी घरी दोन दिवसांचं चिकन करतो. दुकानदार लुटतात असं माझं स्पष्ट मत.

मुंबै_ते_मोआबीट

@ठेचाप्रेमी, लुटतात म्हणू नका हो. किमान वेतन २०१५ मध्ये तासाला साडेआठ युरो होतं, २०२५ मध्ये १२.८२ झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. त्यात मांस, तेल, गॅस आणि वीज, दुकानाचं भाडं. सळई दिवसभर आगीसमोर फिरते, ती आग फुकट नाही. बसून खाल्लं तर कर २०२५ अखेरपर्यंत १९ टक्के होता, बरोबर नेलं तर ७, कोविडमध्ये बसून खाण्याचाही कमी केला होता तो जानेवारी २०२४ ला परत वर नेला. २०२४ मध्ये चॅन्सेलर शोल्झ जातील तिथे पोरं त्यांना डोनरचा भाव विचारायची. डी लिंके या डाव्या पक्षाने तर सरकारने किंमत बांधून द्यावी असं मांडलं, ४.९० युरो, आणि विद्यार्थ्यांना २.९०. झालं काही नाही, पण यावरून कळतं की हे खाणं इथल्या गरिबाच्या ताटात किती आत गेलंय.

त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर इस्तंबूलला गेले तेव्हा विमानातून ६० किलोची डोनरची सळई घेऊन गेले होते. इथल्या बऱ्याच तुर्की वंशाच्या लोकांना ते लागलं. साठ वर्षं आम्ही इथे राबलो, डॉक्टर झालो, आमदार झालो, आणि आमची ओळख म्हणून तुम्हाला डोनरच दिसला का. माझ्या खालच्या टपरीवाल्यांची मुलगी वकील आहे, ती त्या दिवशी फार चिडली होती. मला तिचं पटलं. मला डोनर प्रिय आहे आणि तिचं म्हणणंही खरं आहे.

आणि एक, फार स्वस्त दिसला तर बोर्ड नीट वाचा. डोनर नाव लावायचं तर खिम्याचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर नको असा इथला नियम आहे. ते पाळलं जात नसेल तर "ड्रेहश्पीस" म्हणजे नुसतं फिरती सळई असं लिहितात. नुसत्या खिम्याचे पापुद्रे गुळगुळीत, रबरासारखे सोलले जातात. चांगल्या सळईवर मांसाचे थर वेगवेगळे दिसतात.

ठेचाप्रेमी

लुटतात शब्द मागे घेतो. कराचं मला माहीत नव्हतं.

पाटावरवंटा

अवांतर आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. टर्किश किराणा दुकानात सुझ्मे योगुर्त म्हणून डबा मिळतो, एक किलोचा. तो म्हणजे तयार चक्का! आधीच टांगून पाणी काढलेलं दही. पाडव्याला मी त्यात पिठीसाखर, वेलची, जायफळ, दुधात खललेलं केशर घालते आणि पुरणयंत्राला हात न लावता श्रीखंड तयार. फार आंबट नसतो. इर्मिक म्हणजे रवा, बाम्या म्हणजे भेंडी, छोटी आणि कोवळी. कोथिंबिरीच्या जुड्या घेताना वास घेऊन घ्या, तशीच दिसणारी पार्सली शेजारीच ठेवलेली असते, मी एकदा तीन जुड्या आणून अख्खी हिरवी चटणी वाटली होती पार्सलीची.

गलाटापूल

आणि दुकानदाराला काय म्हणायचं ते राहिलं. पुरुषाला "आबी" म्हणजे दादा, बाईला "आब्ला" म्हणजे ताई. आपल्यासारखंच, अनोळखी माणसालाही नात्यानेच हाक. निघताना "एलिनिझे साअलिक" म्हणायचं, तुमच्या हातांना आरोग्य लाभो. ज्याने रांधलं त्याला म्हणतात. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा पिलाववाल्याने माझ्याकडे वर बघितलं, चमचा खाली ठेवला आणि वर अजून चार छोले घातले.

स्प्रेकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचताना दोनदा डोळे पुसले. @गलाटापूल, तुम्ही लिहिलेलं ते वाक्य मी काल पाठ करून घेतलं आणि आज कामावरून सुटल्यावर माझ्या जुन्या दुकानात गेले. मी त्या भागातून २०१९ लाच घर बदललं होतं, मग कोविड, मग मुलगी, जाणं झालंच नाही. काका नव्हते. त्यांचा मुलगा होता, तेव्हा शाळेत होता तो, दप्तर काउंटरखाली ठेवून कांदे सोलायचा. मी ओळख सांगितली, इंडियन, सूपवाली. तो म्हणाला बाबांचे गुडघे गेले, ते आता तुर्कस्तानात बुर्साजवळच्या गावी असतात, वर्षातून दोनदा येतात. सूप आता साडेपाच युरो. पाव मात्र अजूनही न विचारता पुन्हा आणून ठेवला. निघताना मी अडखळत "एलिनिझे साअलिक" म्हटलं. त्याने फोन काढला, मला एक मिनिट थांबवलं, आणि काकांना व्हिडिओ कॉल लावला. केस पूर्ण पांढरे झालेत. त्यांनी मला ओळखलं की नाही नक्की सांगता येणार नाही, पण हात छातीवर तसाच ठेवला.

भाची आली की तिला तिथे नेणार आहे.

ऑक्टोबरात_येतोय

ताई, ते दुकान कुठे आहे सांगाल का? आणि वर कुणीतरी जत्रेतल्या गोझलेमेबद्दल लिहिलंय तसं बर्लिनमध्ये कुठे मिळेल?

स्प्रेकाठची

दुकानाचा पत्ता तुला मेसेज करते. गोझलेमेसाठी मायबाखउफरचा टर्किश बाजार, कालव्याच्या काठाने भरतो, मंगळवारी आणि शुक्रवारी. यू८ मेट्रो पकड, शोनलाइनश्ट्रासेला उतर. भाजी घ्यायची असेल तर संध्याकाळी बाजार आवरायच्या वेळेला जा, तेव्हा पेट्याच्या पेट्या एक युरोला ओरडून विकतात, मोठी पिशवी जवळ ठेव. गोझलेमे मात्र आधी खा, संध्याकाळपर्यंत पालकाची संपते आणि फक्त बटाट्याची उरते.